सान मार्कोस हे खरंच अमेरिका खंडातलं सर्वात जुनं विद्यापीठ आहे का? आणि जागतिक क्रमवारीत एवढं मागे असूनही आज पेरूत त्याला एवढा मान कशामुळे? असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

जुनेपणाचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, हे विद्यापीठ काढायची स्पेनची राजाज्ञा १२ मे १५५१ ची. जानेवारी १५५३ मध्ये डॉमिनिकन साधूंच्या मठात वर्ग सुरू झाले. हार्वर्ड त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १६३६ मध्ये आलं, त्यामुळे वाद हार्वर्डशी नाही. तो कॅरिबियनमधल्या सांतो दोमिंगोच्या विद्यापीठाशी आहे. तिथले लोक पोपचं १५३८ चं आज्ञापत्र पुढे करतात, पण त्याची मूळ प्रत आजवर हाती लागलेली नाही आणि राजाची मान्यता थेट १५५८ ची. मेक्सिकोची राजाज्ञाही १५५१ चीच, फक्त काही महिने नंतरची. पण ते विद्यापीठ १८६५ मध्ये कायमचं बंद पडलं आणि आजचं १९१० मध्ये नव्याने उभं राहिलं. सान मार्कोसलाही १९३२ ते १९३५ सरकारने टाळं ठोकलं होतं, तरी संस्था तीच राहिली. म्हणून माझा कौल सान मार्कोसला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जागतिक क्रमवारीत मागे असूनही पेरूत त्याचा एवढा दबदबा कशामुळे. माझ्या मते त्याचं उत्तर वयात नाही. या दारातून कोणाला आत घेतलं आणि कोणाला अडवलं, त्यात पेरूचा सगळा इतिहास आहे.

क्वेचुआ भाषेचंच बघा. ही इंका साम्राज्याची भाषा. १५७९ च्या सुमारास व्हाइसरॉय तोलेदोने तिचं अध्यासन इथे सुरू केलं, ते पाद्र्यांना गावोगाव धर्मोपदेश करता यावा म्हणून. क्वेचुआ बोलणाऱ्यांनी शिकावं हा त्यामागचा हेतू नव्हताच. पुढे १७८० मध्ये स्वतःला इंका राजांचा वंशज म्हणवणाऱ्या दुसऱ्या तुपाक आमारूने स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठाव केला, तो चिरडला गेला आणि राज्यकर्त्यांना त्या भाषेचीच धास्ती वाटू लागली. अध्यासन बंद झालं.

त्यानंतर शतकभराने लिमाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वारोचिरीत, क्वेचुआ बोलणाऱ्या घरात हूलियो तेयो जन्मला. सान मार्कोसमध्ये तो वैद्यक शिकला आणि पेरूच्या प्राचीन लोकांतल्या उपदंशावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला. पण त्याचा जीव जुन्या थडग्यांत आणि कवट्यांत रमला. १९१९ मध्ये त्याने विद्यापीठाचं पुरातत्त्व संग्रहालय उभं केलं, १९२५ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरची पाराकासची प्राचीन दफनभूमी शोधायला सुरुवात केली. आज त्याला पेरूच्या पुरातत्त्वाचा जनक म्हणतात. मला या माणसाबद्दल अतोनात आदर आहे. आपल्याच पूर्वजांचा इतिहास खणून काढायला त्याने त्याच विद्यापीठाची साधनं वापरली, जिथून त्याची भाषा हद्दपार झाली होती.

आणि २०१९ मध्ये इथल्या एका संशोधक बाईंनी क्वेचुआ कवितेवरचा पीएचडीचा प्रबंध क्वेचुआतच लिहिला, तोंडी परीक्षाही क्वेचुआतच दिली. विद्यापीठाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. त्याला साडेचारशेहून जास्त वर्षं लागली!

सरकारी विद्यापीठ असल्याने पदवीचं शिक्षण जवळजवळ मोफत, त्यामुळे प्रवेशपरीक्षेला प्रचंड चढाओढ. डोंगरी भागातल्या गरीब घरातलं पोर इथे लागलं की सगळं घर वर येण्याची आशा धरतं. लेखक मारियो वार्गास योसा याच्या घरच्यांना तो कॅथलिक विद्यापीठात जायला हवा होता, पण त्याने हट्टाने सान मार्कोस निवडलं, कारण देश इथेच भेटतो असं त्याला वाटत होतं. २०१० चं साहित्याचं नोबेल त्याला मिळालं.

सत्तेशी खटकेही नित्याचेच. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या दक्षिणेतून सरकारविरोधी निदर्शनांसाठी लिमात आलेल्या लोकांना विद्यार्थ्यांनी आवारात आसरा दिला, तेव्हा पोलिसांनी चिलखती गाडीने फाटक तोडून सुमारे २०० जणांना ताब्यात घेतलं. ती चित्रफीत पाहून मला संताप आला होता, अजूनही येतो.

क्रमवारीपुरतं म्हणाल तर पेरूतच कॅथलिक विद्यापीठ बहुधा पुढे असतं, आणि वैद्यकीय संशोधनात कायेतानो एरेदिया विद्यापीठाचं नाव मोठं आहे. प्रयोगशाळेतलं काम करायचं असेल तर आधी तिकडे चौकशी करा. अँडीजमधल्या भाषा किंवा तिथलं पुरातत्त्व शिकायचं असेल, तर मात्र मी डोळे झाकून सान मार्कोस सांगेन. स्पॅनिश आधी नीट शिकून घ्या, शिकवणं त्याच भाषेत चालतं.