सेल्फ ‘टक’ करून थांबतो: स्टार्टर आणि ईसीयूवर खर्च करण्याआधी

तुमच्या प्रश्नातलं कामाचं तेवढं आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात कोलशेतला उघड्यावर उभी राहणारी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, सात-आठ वर्षं जुनी. मे महिन्यात क्लचप्लेट बदलली. जुलैच्या पावसात एका सकाळी चावी फिरवली तर डॅशबोर्डचे दिवे व्यवस्थित, पण बॉनेटखालून एकच जड ‘टक’ आणि पुढे काही नाही. मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, चार दिवस गाडी चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला तर एकदा चालू झाली, एकदा नाही. आता मेकॅनिक म्हणतो स्टार्टर बदलू, त्याने नाही झालं तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बघू. यातलं आधी काय बदलावं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी काहीच बदलू नका. माझा पहिला संशय आहे बॅटरीच्या मायनसवरून गिअरबॉक्सला जाणाऱ्या जाड अर्थ केबलवर. तो संशय तुमच्याच एका ओळीमुळे आला. चालू झाली त्या वेळी शेजाऱ्यांनी काळा चिमटा इंजिनच्या लोखंडाला लावला होता आणि दुसऱ्यांदा तुम्ही तो बॅटरीच्या मायनसला लावलात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. पहिल्या वेळी स्टार्टरचा करंट तुमच्या अर्थ केबलला वळसा घालून थेट शेजाऱ्यांच्या बॅटरीकडे परत गेला. दुसऱ्या वेळी त्याला तुमच्याच केबलमधून जावं लागलं, आणि तिथेच तो अडला. जंप देताना शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला लावायचा हा नियम मुळात बॅटरीजवळ ठिणगी पडू नये म्हणून आहे. इथे त्याने निदानही करून टाकलं.

ईसीयूचं आधी निकालात काढतो. तो ‘टक’ खरोखर खालून, स्टार्टरच्या सॉलेनॉइडमधून (त्यावरच्या जाड चुंबकी स्विचमधून) येत असेल, तर याचा अर्थ चावी, क्लचचा स्विच, स्टार्टर रिले (सॉलेनॉइडला करंट सोडणारा छोटा स्विच), आणि तुमच्या गाडीत इमोबिलायझर (अनोळखी चावीला अडवणारी चोरीविरोधी यंत्रणा) सेल्फ अडवत असेल तर तोही, सगळ्यांनी आपापलं काम केलेलं आहे. हुकूम पोचलाय. मग हुकूम देणाऱ्याला बदलून काय मिळणार? फक्त आवाज कुठला आहे ते नक्की करा. कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि फ्यूज बॉक्समधल्या स्टार्टर रिलेवर बोट ठेवा. रिलेचा आवाज बारीक, टिचकीसारखा असतो. सॉलेनॉइडचा ठोका जड असतो आणि गिअरबॉक्सच्या बाजूने येतो. नुसतीच टिचकी असेल तर पुढचं सगळं बदलतं, त्यावर खाली बोलतो.

आता दिवे नीट लागतात आणि सेल्फ फिरत नाही, हे कसं? लहान पेट्रोल इंजिन फिरवायला स्टार्टर साधारण १०० ते १५० अँपिअर खेचतो. डॅशबोर्ड आणि बारीकसारीक दिव्यांना पाचेक अँपिअर पुरतात. गंजलेल्या सांध्यात समजा फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे. पाच अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. १५० अँपिअरला तिथेच ३ व्होल्ट जातात. सांधा आणखी बिघडला, अडथळा ०.१ ओहम झाला, की स्टार्टरला लागेल तेवढा करंट मिळूच शकत नाही. सॉलेनॉइड ओढला जातो, मोटर जागची हलत नाही. गायमुखच्या घाटातून स्कूटर निघून जाते आणि ट्रकची रांग मागे माजिवड्यापर्यंत येते, तसला प्रकार. म्हणूनच मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून “केबल ओके आहे” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शंभरातली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो, आणि साधं मीटर ०.०२ ओहम धड मोजूही शकत नाही.

याच एका दोषाने नवी बॅटरी चार दिवसांत का उतरली तेही सुटतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॅटरीच्या मायनसशी त्याचा विजेचा मुख्य रस्ता ती केबलच. ऑल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, इंजिनवर बोल्ट केलेला, त्याचा मायनस म्हणजे त्याची बॉडी. म्हणजे चार्जिंगचा करंटही त्याच सडक्या सांध्यातून बॅटरीकडे जाणार. वर घोडबंदर रोडवरचा तुमचा प्रवास: पाऊस, वायपर, हेडलाइट, एसीचा ब्लोअर, आणि इंजिन अर्धा वेळ आयडलवर. बॅटरीला उरतं काय?

क्लचचं काम मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स खाली काढतात, आणि बऱ्याच गाड्यांत अर्थ केबल गिअरबॉक्सच्याच एका बोल्टवर असते. परत बसवताना तो बोल्ट अर्धवट आवळला, किंवा मातीसकट लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) बसवला, तरी उन्हाळ्यात भागतं. मग पाऊस आणि खाडीकडची दमट हवा दोन महिन्यांत उरलेलं काम करतात.

तपासणी तुम्ही घरीच करू शकता. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, आणि सैल कपडे किंवा केबल फॅन-बेल्टजवळ नकोत. सगळ्यात सोपी चाचणी मीटरशिवायची आहे. जंपर केबलच्या जोडीतली एकच केबल घ्या. एक टोक इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जाड धातूला लावा, दुसरं तुमच्याच बॅटरीच्या मायनसला. दुसरी गाडी नको. आता सेल्फ मारा. फिरला, तर दोषी सापडला, आणि त्यासाठी दमडी लागली नाही. चिमटे मात्र दणकट हवेत. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या केबलमध्ये जाड रबराच्या आत तांबं नावापुरतं असतं, तिने काहीच सिद्ध होणार नाही.

आकडे हवे असतील तर डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि चावी फिरवायला घरातलं कोणीतरी बोलवा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. नुकतीच चालवली असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा आणि मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज तुम्हाला फसवेल. पण हा उभ्या बॅटरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. खरं मोजमाप चावी ‘स्टार्ट’वर धरलेली असताना. एका वेळी तीन-चार सेकंदच धरा, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर, लाल पिन इंजिनच्या धातूवर. पिन शिशाच्या खुंटालाच टेकवायची, वरच्या क्लॅम्पला नाही, कारण खुंट आणि क्लॅम्पमधला सांधाही आरोपी आहे. सेल्फ मारताना इथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसायला हवेत. तुमच्याकडे तीन, पाच, आठ असं काही दिसेल अशी माझी अटकळ आहे. तेवढे व्होल्ट त्या केबलमध्ये वाया जातायत. मग प्लसची बाजू: प्लस खुंटापासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत, इथे अर्ध्या व्होल्टच्या आत. आणि बॅटरीच्या दोन खुंटांमध्ये सेल्फच्या वेळी ९.६ च्या खाली जाता कामा नये. गेलं, तर बॅटरी उतरलेली किंवा खराब आहे, किंवा स्टार्टर आतून जाम होऊन बेफाम करंट खातोय.

स्टार्टर दोषी कधी? बॅटरी १२ च्या वर ठाम, अर्थच्या बाजूला जवळपास शून्य, प्लसच्या बाजूला जवळपास शून्य, सॉलेनॉइडच्या बारीक वायरवर चावी फिरवताना बॅटरीएवढाच व्होल्टेज, आणि तरीही नुसता ‘टक’. तेव्हा सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन (मोटरला करंट पोचवणारे ब्रश) संपलेत. तरीसुद्धा अख्खा स्टार्टर बदलायची घाई नको. वागळे इस्टेटात किंवा तुर्भ्याला ट्रक-टेम्पोची कामं करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा, कार्बन आणि सॉलेनॉइड वेगळे बदलून मिळतात.

केबल निघाली दोषी तर आधी बॅटरीचा मायनस सोडवा. गिअरबॉक्सचा आणि बॉडीवरचा, दोन्ही बोल्ट काढा, लग आणि खालची जागा सँडपेपरने चकचकीत करा, आवळून घ्या, आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. लगच्या तोंडाशी इन्शुलेशन थोडं दाबून बघा. आत हिरवी भुकटी असेल तर घासण्यात वेळ घालवू नका, केबल बदला. नवी केबल जुनीपेक्षा बारीक नको, आणि लग हायड्रॉलिक क्रिंपने दाबलेला हवा. हातोडीने ठोकलेला लग पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला पुन्हा इथे आणेल. तोवर सेल्फ मारत बसू नका. जाड रस्ता बंद असला की करंट गिअरची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, सेन्सरच्या बारीक अर्थ वायरी असे आडमार्ग शोधतो, आणि त्या तापून जळतात.

दुरुस्तीनंतर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ हवं, नव्या काही गाड्यांत ईसीयू ऑल्टरनेटरला कमीजास्त करतो, तिथे आकडा खालीवर होईल. आणि कोणी चार्जिंग बघायला चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल उचकटायला लागला तर त्याचा हात धरा. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ते खपत होतं. आज त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ज्या ईसीयूवर नाहक संशय घेतला जातोय तो खरंच जातो.

इथे वाचणाऱ्या इतरांची लक्षणं वेगळी असतील, म्हणून थोडक्यात. ‘टक-टक-टक-टक’ अशी भराभर माळ लागली तर बहुधा बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. हेडलाइट लावून सेल्फ मारा: दिवे पार विझले तर हाच प्रकार, दिवे तसेच लख्ख राहिले आणि काहीच हललं नाही तर करंट स्टार्टरपर्यंत निघालेलाच नाही. तेव्हा, किंवा नुसती रिलेची टिचकी येते तेव्हा, स्टार्टर फ्यूज, रिले, क्लच पेडलचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर पार्क-न्यूट्रल स्विच, सॉलेनॉइडवरची सैल बारीक वायर, हे तपासा. हॉर्नचा रिले बऱ्याच गाड्यांत त्याच नंबरचा असतो, नंबर जुळवून अदलाबदल करून बघा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा पूर्ण वेगळा आजार आहे. त्यात बॅटरी बदलून उपयोग नाही. चावी ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पेट्रोल पंपाची घरघर येते का ऐका. डॅशवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी आणा, आणि पुशबटण असेल तर चावी बटणालाच टेकवून दाबा, आतला सेल संपला असला तरी चिप बहुतेकदा वाचली जाते. ओबीडी स्कॅनरवर (गाडीतले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) पी०३३५ हा कोड आला तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनचं फिरणं ओळखणारा सेन्सर, किंवा त्याची वायर. कंपनी फिटेड सीएनजीवाल्यांनी गॅस भरायचं झाकण नीट लागलंय का ते आधी बघावं. त्याखाली मायक्रोस्विच असतो, झाकण उघडं असेल तर गाडी चालू होऊच देत नाही. सीएनजी पंपावरून ढकलत बाहेर काढलेल्या गाड्यांत हे हमखास निघतं.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गळती मोजा. मीटर १० अँपिअरवर, मायनस खुंट आणि सोडलेल्या केबलच्या मध्ये. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, गाडीतले इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपायला तेवढा वेळ लागतो, आणि मीटर लावलेलं असताना सेल्फ मारायचा नाही. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. ३०० असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, हे आधी सोडवून बघा. आणि स्टिल्ट पार्किंगवाल्यांनी बॉनेटखाली उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेलं इन्शुलेशन शोधावं.

गाडी रात्री पाण्यात उभी होती असं असेल तर यातलं काहीही करू नका. सेल्फ मारूच नका, सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मायनस सोडा आणि टो करून न्या.

तुमच्या नव्या बॅटरीचं राहिलं. ती दोन-तीनदा खोलवर उतरलीय, नुसत्या ऑफिसच्या फेऱ्यांनी भरणार नाही. अर्थ दुरुस्त झाल्यावर एखाद्या बॅटरीच्या दुकानात चार-पाच अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावून घ्या आणि मगच लोड टेस्ट (भार देऊन बॅटरीची तपासणी) करा. अर्धवट भरलेल्या बॅटरीची टेस्ट करून ती खराब ठरवायची, आणि वॉरंटीच्या खिडकीवर मात्र ‘फक्त डिस्चार्ज आहे’ म्हणून परत पाठवायचं, असं अनेकांच्या बाबतीत होतं.