हर्नियाचे ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी यायचे असेल, तर काय तयारी करावी?

आपल्या वडिलांचे इंदूरमध्ये जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन ठरले आहे, सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी यायचे आहे, तर तयारी कशी करावी, असे आपण विचारले आहे. तीन वर्षांपूर्वी मला इथेच, असेच एका दिवसात, उजव्या बाजूला जाळी (हर्नियाच्या कमकुवत जागेला आधार देणारी) बसवली. रुग्णालयात मुक्काम नसल्यामुळे एरवी परिचारिका घेते ती काळजी घरच्यांवर येते, म्हणून निम्मी तयारी घराचीच समजावी.

सर्वांत आधी वडिलांच्या सगळ्या गोळ्या भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणारी व मधुमेहाची औषधे केव्हा थांबवायची, हे त्यांनीच सांगावे; मनाने एकही गोळी बंद करू नये. जुना खोकला, बद्धकोष्ठता किंवा लघवीला जोर करावा लागणे यांचा ताण थेट टाक्यांच्या जागी येतो, तेव्हा संकोच न करता हेही आधीच सांगावे.

उपाशी राहण्याबाबत मात्र फार जपा. साधारणपणे जेवण व दूध 6 तास आधी, तळलेले असल्यास 8 तास आधी बंद करतात आणि साधे पाणी 2 तास आधीपर्यंत चालते. तरी आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळ तीच खरी. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही. मी पहाटे साडेपाचला, सवयीने समोर आलेला अर्धा कप चहा घेतला आणि नऊचे ऑपरेशन दुपारवर गेले. आपल्या इंदुरी घरांत दिवस चहा-पोह्यांनीच उजाडतो, म्हणून आदल्या रात्रीच सर्वांना बजावून ठेवा.

जांघेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. माझ्या डॉक्टरांनी मला बाजू विचारून मांडीवर पेनाने बाण काढला होता. वडिलांनीही बाजू स्वतः सांगावी.

आमच्या रामबागेतल्या जुन्या घराला दोन उभे जिने आहेत, त्यामुळे मी पहिल्या दोन रात्री खालच्या मजल्यावरच झोपलो. सैल पायजमा, कमोडची सोय आणि खोकताना पोटाशी घट्ट धरायला एक उशी, एवढे तयार ठेवा. पहिले 24 तास एक जाणते माणूस सोबत हवेच, आणि त्या काळात वडिलांनी वाहन चालवू नये. विम्याची पूर्वमंजुरी आधीच घ्यावी.

पाठीत इंजेक्शन देऊन भूल दिली, तर नंतर लघवी अडू शकते. ती नीट झाल्याशिवाय निघण्याची घाई करू नका. जांघेत किंवा अंडकोशावर थोडी सूज व निळसरपणा येतो, त्याने घाबरू नये. पण सूज झपाट्याने वाढली, ताप आला किंवा लघवी झाली नाही, तर लगेच कळवता यावे म्हणून रात्री कोणाला फोन करायचा, ते निघतानाच लिहून घ्या.

आणि ऑपरेशनच्या तारखेआधीच जांघेतला हर्नियाचा फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तारखेची वाट पाहू नका. आतडे अडकलेले असू शकते. आपल्या डॉक्टरांकडे किंवा इंदूरच्या मोठ्या सरकारी एम. वाय. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात त्याच क्षणी न्या.