सिप्रोचा आलेख 2019 लाच का कोसळला?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका लॅबचं 2014 ते 2023 चं रजिस्टर हाताशी आहे, शिगेलाची (आव-जुलाब घडवणारा जंतू) सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो, एक अँटिबायोटिक) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे औषधाला दाद देणं, 2019 ला एकदम घसरलेली दिसते, तर प्रबंधात ‘2019 पासून रेझिस्टन्स वाढला’ असं लिहावं का?

इतक्यात लिहू नका. आधी बघा, रजिस्टरमध्ये झोन (औषधाच्या डिस्कभोवती जंतू वाढत नाही त्या वर्तुळाचा व्यास) मिलिमीटरमध्ये लिहिलाय की नुसतं एस-आय-आर (सेन्सिटिव्ह, इंटरमीजिएट, रेझिस्टंट). सीएलएसआय या लॅबचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने 2019 मध्ये सिप्रोचे ब्रेकपॉइंट (एस-आय-आर ठरवायच्या झोनच्या हद्दी) बदलले. पूर्वी झोन 21 मिमी किंवा जास्त असला की सेन्सिटिव्ह. आता त्यासाठी 26 लागतात आणि 21 पर्यंत सगळं रेझिस्टंट. म्हणजे 21 मिमीचा शिगेला 2018 ला ‘एस’ आणि नव्या तक्त्यात थेट ‘आर’. जंतू तोच, 5 मायक्रोग्रॅमची डिस्कही तीच. मिमी नोंदलेले असतील तर दहाही वर्षं नव्या निकषाने पुन्हा वाचून काढा. खरी घसरण किती, ते तेव्हाच कळेल. नसतील तर नव्या तक्त्याआधीचा आणि नंतरचा असे दोन वेगळे आलेख काढा, मधली रेघ जोडू नका. आणि तुमच्या लॅबमध्ये नवा तक्ता नेमका कधी लागू झाला, ते तंत्रज्ञांना विचारा. सगळीकडे तो जानेवारीत लागत नाही.

एका पेशंटचा वर्षातला पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वाढवून वेगळा केलेला जंतू) धरा. पावसाळ्यात एकाच वस्तीतून गॅस्ट्रोचे नमुने आले असतील तर ते वेगळे दाखवा, नाहीतर एकच स्ट्रेन (जंतूचा वाण) अख्ख्या वर्षाची टक्केवारी फिरवतो. फ्लेक्सनेरी आणि सोनेई या शिगेलाच्या दोन जाती एकत्र मोजू नका. एखाद्या वर्षी 30 आयसोलेटही नसतील तर दोन वर्षं एकत्र करा. मेयो किंवा मेडिकल या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत येईपर्यंत बऱ्याच जणांनी बाहेर गोळ्या घेतलेल्या असतात. त्यामुळे हे आकडे शहराचे नाहीत, दवाखान्यात पोचलेल्यांचे आहेत. तसंच लिहा.

कॉलराचे आयसोलेट असतील तर आलेख एकाच दिशेने जाईल असं धरून चालू नका. 1992 चा ओ139 हा कॉलराच्या जंतूचा प्रकार को-ट्रायमॉक्सॅझोल या अँटिबायोटिकला दाद देत नव्हता, काही वर्षांनी आलेले त्याचेच स्ट्रेन देऊ लागले. रेझिस्टन्सची जनुकं जशी येतात तशी जातातही.

आणि ई. कोलाय एटीसीसी 25922 चं (चाचणी बरोबर चालते का ते तपासायचा ठरलेला जंतू) कंट्रोल रजिस्टर मागून घ्याच. म्युलर-हिंटन अगारचा (जंतू वाढवायच्या जेलीचा) थर 4 मिमीपेक्षा जाड पडला की झोन लहान येतो. ज्या महिन्यांत कंट्रोलच हद्दीबाहेर गेलाय, त्या महिन्यांचे निकाल आलेखात घेऊ नका.