महिला हॉकीत फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगसारखी क्लबांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे का? असल्यास तिचा इतिहास काय?

आहे की! युरो हॉकी लीग, म्हणजे ईएचएल. नाव नवं, स्पर्धा जुनी. मी नेदरलँड्समध्ये ॲमस्टलवेनला राहते आणि महिलांची पहिली ईएचएल जिथे झाली ते वागेनर स्टेडियम घरापासून सायकलने जाण्याइतकं जवळ आहे. त्यामुळे उत्तर थोडं डच बाजूने झुकलं तर सांभाळून घ्या.

युरोपातल्या देशोदेशींच्या विजेत्या महिला क्लबांसाठीचा चषक सत्तरच्या दशकात सुरू झाला. महिला हॉकी ऑलिम्पिकमध्ये आली 1980 साली, मॉस्कोला (आपल्या मुली तिथे चौथ्या आल्या होत्या). म्हणजे क्लब त्याआधीपासूनच एकमेकांशी भिडत होते. पुढे युरोहॉकी क्लब चॅम्पियन्स कप म्हणून ओळखल्या गेलेल्या या स्पर्धेचा थाट घरगुती होता. एक यजमान क्लब, मोजके संघ, सुट्टीला जोडून काही दिवस, की आटोपलं.

जिंकायचं कोणी? बहुतेक वेळा डचांनी. आधी ॲमस्टरडॅम, ऐंशीच्या दशकात एचजीसी, आणि नंतर डेन बॉश, हे तिन्ही डच क्लब. या डेन बॉशने 1998 ते 2008 अशी सलग 11 वर्षं डच लीग कोणाला सोडलीच नाही. युरोपचा चषकही त्यांच्याकडे इतक्यांदा गेला की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठीच येतात की काय, असं वाटावं. गोलजवळच्या फाऊलबद्दल मिळणाऱ्या पेनल्टी कॉर्नरवर डच खेळाडू मार्त्ये पाउमेन ड्रॅग-फ्लिक (चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे जोरात भिरकावणं) मारायची ती याच क्लबकडून. तो चेंडू गोलच्या फळीवर आदळल्याचा आवाज एकदा जवळून ऐका, मग गोलकीपरच्या धाडसाला हात जोडाल.

डचांच्या या दबदब्याचं गुपित मला शनिवारी सकाळी कळतं. इथल्या क्लबात लहान मुलींच्या मॅचेस एकामागून एक लागलेल्या असतात, शिट्टी एखाद्या आईच्या तोंडात असते आणि कँटीनमध्ये कॉफी ओतायची पाळी पालकांवर. तिथूनच वरच्या संघात जायची शिडी लागते.

आता माझी खरी तक्रार. पुरुषांना झगमगीत ईएचएल मिळाली 2007 मध्ये. पूर्वी फ्री हिट (समोरच्या संघाच्या फाऊलनंतर मिळणारा फटका) घेणाऱ्याला चेंडू दुसऱ्याकडेच द्यावा लागे. ईएचएलने तो स्वतःच हलकेच ढकलून घेऊन पळायची मुभा दिली आणि 2009 मध्ये ती जगभर लागू झाली. नवे नियम, कॅमेरे, सगळं तिथे. बायका मात्र 2019 पर्यंत जुन्याच चषकात! त्यांची पहिली ईएचएल 2020 च्या ईस्टरला ठरली आणि करोनाने ती खाल्ली. अखेर 2021 च्या ईस्टरला, रिकाम्या स्टँडसमोर झाली. जिंकलं कोण, ते सांगायला हवं का? डेन बॉश.

आपल्याकडेही गाडी तशीच उशिरा आली. हॉकी इंडिया लीग पुरुषांसाठी 2013 मध्ये, महिलांसाठी थेट जानेवारी 2025 मध्ये, रांचीला. अर्थात ती देशोदेशींच्या क्लबांची स्पर्धा नव्हे, परदेशी खेळाडू घेतलेल्या फ्रँचायझींची. पण पहिल्याच फायनलमध्ये ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला 2-1 हरवलं, आणि ओडिशाचे दोन्ही गोल साताऱ्याच्या ऋतुजा पिसाळचे होते. इथे ते मी शेजारणीला दोनदा सांगितलं.