मिनेसोटात आईस फिशिंगचं सामान न्यायला स्वस्त, कमी पेट्रोल खाणारी जुनी गाडी कुठली घ्यावी?

तुमच्या प्रश्नावरून मला एवढं कळलं: मिनियापोलिसजवळ राहता, बजेट सहा हजार डॉलरच्या आत, रोज त्याच गाडीने ऑफिसला जायचं आहे आणि ऑफिसातले सगळे छातीठोकपणे सांगतायत की पिकअपशिवाय आईस फिशिंग होतच नाही. ही शेवटची गोष्ट आधी डोक्यातून काढून टाका. मी अकरा हिवाळे इथे गरवतेय. (मालवणात गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात. बाबा जेटीवर बसून गरवायचे, मी गोठलेल्या तळ्यावर बसून गरवते.) त्यातले नऊ हिवाळे माझं सगळं सामान २००७ ची पाँटिअ‍ॅक व्हाइब वाहतेय. टू व्हील ड्राइव्ह, साधी हॅचबॅक.

पण गाडीचं नाव नंतर. आधी घरातली मोजायची टेप काढा.

सामान म्हणजे काय काय असतं? बर्फाला भोक पाडायचा ऑगर, घडीचा तंबू, प्रोपेनचा छोटा हीटर, दोन बादल्या (एकीवर बसायचं, दुसरीत मासे), आखूड रॉड, मासे दाखवणारं यंत्र, आणि हे सगळं ज्यात घालून ओढत न्यायचं ती प्लास्टिकची स्लेड. बाकीचं सगळं कुठेही कोंबता येतं. गाडी ठरते ती स्लेडवर. माझी स्लेड ५४ इंच लांब आणि २५ इंच रुंद आहे. ती दुमडत नाही, वळत नाही, तिरकी करून आत सरकवता येत नाही. म्हणून माझा सल्ला उलटा वाटेल, पण आधी स्लेड घ्या आणि मग गाडी बघा.

आपल्या लोकांत जुनी गाडी म्हटलं की कोरोला किंवा कॅमरी, विषय संपला. गाड्या उत्तमच आहेत. पण सेदानची डिकी कितीही खोल असली तरी तिचं तोंड अरुंद असतं. मीही पहिले दोन हिवाळे सेदानमध्येच काढले. स्लेड टपावर दोरीने बांधायची आणि निघायचं. एकदा हायवेवर वाऱ्याने ती पुढून उचलली आणि तिचा पतंग व्हायचा राहिला तो केवळ एका गाठीमुळे. नवरा त्या दिवसापासून टपावर काही बांधू देत नाही. शिवाय टपावर काहीही ठेवलं की मायलेज पडतं ते वेगळंच.

आता पिकअपचं. लोक पिकअप घेतात कारण त्यांना थेट बर्फावर गाडी घालायची असते. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची, म्हणजे डीएनआरची मार्गदर्शक मापं अशी आहेत: चालायला ४ इंच, छोट्या गाडीला ९ ते १० इंच, मध्यम ट्रकला १३ आणि अवजड ट्रकला १६-१७ इंच. हीसुद्धा नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाची. पांढरा, बर्फ पडून गोठलेला थर असेल तर जाडी दुप्पट धरायची. म्हणजे हलक्या गाडीला निदान कागदावर तरी हिवाळा लवकर उघडतो. तरी माझी गाडी मी बर्फावर घालत नाही. मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यावर बर्फाचे पट्टे सरकतात, मध्येच भेगा आणि उंचवटे तयार होतात. आदल्या दिवशी घट्ट असलेली वाट दुसऱ्या दिवशी तशीच असेल असं नाही. दुसरं कारण पैशाचं. चार-पाच हजारांच्या गाडीवर बहुतेकजण फक्त लायबिलिटी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा ठेवतात. गाडी पाण्यात गेली तर तुमच्या गाडीचे पैसे त्यातून मिळत नाहीत, आणि ती बाहेर काढायचा खर्चही मालकाच्याच बोडक्यावर. गाडीच्या किमतीपेक्षा तो सहज जास्त होऊ शकतो.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं तुम्हाला बर्फावर गाडी न्यायची गरजही नाही. मेडिसिन लेक, व्हाइट बेअर लेक, मिनेटोंका, ही तळी शहराला लागूनच आहेत. पार्किंगपासून स्लेड ओढत दहा-पंधरा मिनिटं चालायचं. क्रॅपी आणि सनफिश हे छोटे मासे तिथेच मिळतात, आणि रवा लावून तळलेल्या क्रॅपीपुढे मला वॉलायचं, म्हणजे इथल्या लोकांच्या सगळ्यात लाडक्या माशाचं, फारसं कौतुक नाही. (हे वाक्य मिनेसोटात मोठ्याने बोलू नका.) म्हणजे गाडीचं काम काठाला संपतं. काठापर्यंत जायला फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही, चांगले टायर लागतात.

पेट्रोलचा हिशेब मी एकदा बसून केला होता, तोही सांगते. मिल लॅक्स इथून साधारण १०० मैल, जाऊन-येऊन २००. जुनी पिकअप गॅलनला १७ मैल देते असं धरलं तर पावणेबारा-बारा गॅलन, माझी व्हाइब २८ देते म्हणजे सात. तीन डॉलर भाव धरला तर एका फेरीला चौदा-पंधरा डॉलरचा फरक. हंगामात दहा फेऱ्या झाल्या तरी दीडशे. यात काही फार बचत नाही! खरी बचत ऑफिसच्या येण्याजाण्यात आहे. वर्षाला १२,००० मैल धरा, तर पिकअपला सातशे गॅलन आणि हॅचबॅकला सव्वाचारशेच्या थोडं वर. वर्षाचे आठशे डॉलर तिथे वाचतात. थोडक्यात, मासेमारीसाठी गाडीचा आकार बघा आणि ऑफिससाठी तिचं अ‍ॅव्हरेज.

(गॅलनला २८ मैल म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला बाराच्या आसपास. गावी फोनवर आकडा सांगितला की काका दरवेळी विचारतात, "एवढंच?")

आता गाड्या. टोयोटा मॅट्रिक्स आणि पाँटिअ‍ॅक व्हाइब या जुळ्या बहिणी. आत इंजिन टोयोटाचंच, १.८ लिटरचं. पाँटिअ‍ॅक हा ब्रँड २०१० मध्ये बंद झाला म्हणून लोक व्हाइबला नाकं मुरडतात आणि त्यामुळे ती मॅट्रिक्सपेक्षा स्वस्त मिळते. २००३ ते २००८ ची पहिली पिढी मला जास्त आवडते. मागची सीट पाडली की सपाट फरशी होते, आणि सीटच्या पाठी कापडाच्या नसून टणक प्लास्टिकच्या आहेत. बर्फ वितळून पाणी झालं की फडक्याने पुसलं, झालं. पुढची डावी... नाही, उजवी, म्हणजे ड्रायव्हरशेजारची सीटही पुढे सपाट पडते. तंबूची पाच फुटी पिशवी त्यावरून लांबच्या लांब जाते. मागची काच वेगळी उघडते, त्यामुळे सगळं दार न उघडता रॉड आत टाकता येतात.

दुसरी होंडा फिट. दिसायला एवढीशी, पण तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे मागे जागाच जागा. मागची सीट खाली पाडता येते किंवा तिची बैठक वर उचलून बादल्या, हीटर उभे ठेवता येतात. मायलेज व्हाइबपेक्षा चांगलं. पण कमी उंचीची आहे, साफ केलेल्या रस्त्याच्या कडेला साचलेला बर्फ पोटाला घासतो.

प्रियसचा, म्हणजे टोयोटाच्या पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिडचा, मोह तुम्हाला होईलच. २०१० ते २०१५ च्या प्रियसचा सरकारी आकडा गॅलनला ५० मैल आहे. पण थंडीत आकडे वेगळे होतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्याप्रमाणे तापमान ७७ वरून २० फॅरनहाइटला आलं की शहरातल्या फिरण्यात साध्या गाडीचं मायलेज साधारण १५ टक्के घसरतं, हायब्रिडचं ३० टक्क्यांहून जास्त. हायब्रिड पेट्रोल वाचवते ती इंजिन मधूनमधून बंद ठेवून, पण आतली ऊब इंजिनाकडूनच घ्यायची असते, मग ते बंद कसं राहणार? तरीही ती व्हाइबच्या पुढेच राहते, हे मान्य. मला अडतं ते तिच्या मागच्या तिरक्या काचेपाशी. स्लेड बसते, पण तिच्यावर तंबू ठेवला की दार लागत नाही. आणि जुन्या प्रियसचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (गाडीखालचा, धूर स्वच्छ करणारा भाग) चोरांचा लाडका आहे. तळ्याकाठच्या निर्जन पार्किंगमध्ये गाडी दिवसभर सोडायची, हे विसरू नका.

सुबारू फॉरेस्टर, आउटबॅक? बर्फात राण्या. जमिनीपासून उंची ८.७ इंच. पण या बजेटमध्ये मिळतात त्या बहुधा २.५ लिटरच्या जुन्या इंजिनवाल्या, ज्यांचा हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा) आजार प्रसिद्ध आहे. बदलल्याची पावती असेल तरच विचार करा, आणि अ‍ॅव्हरेजचा आग्रह सोडून द्या.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे गंज. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. आपण कोकणातले असू तर खाऱ्या हवेने पत्र्याचं काय होतं ते माहीत असतं. इथे तर खालूनच मिठाच्या पाण्याचा फवारा बसतो. मिनेसोटात खासगी गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी नसते, त्यामुळे चाळण झालेली गाडीही बिनधास्त विकायला उभी असते. माझी पहिली सेदान वरून आरशासारखी चकचकीत होती. दुसऱ्या जानेवारीत सिग्नलला ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. ब्रेकची नळी गंजून फुटली होती. समोर सुदैवाने कुणी नव्हतं. तेव्हापासून मी गाडी बघायला गेले की आधी गुडघे टेकते. दाराखालची पट्टी, मागच्या चाकावरची कमान, आणि टॉर्च मारून खालचा सांगाडा आणि नळ्या. खाली सगळीकडे ताजा काळा लेप दिसला तर तो कशावर फासलाय हे विचारा. पसंत पडली की पैसे देण्याआधी स्वतःच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवा. शंभर-दीडशे डॉलर जातात. विकणारा "कशाला उगाच" म्हणाला तर तिथूनच राम राम.

आणखी एक, गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हीआयएन, एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या) साइटवर टाकून बघा. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या प्रकरणात जुन्या मॅट्रिक्स, व्हाइब आणि फिटही परत बोलावल्या होत्या. काम राहिलं असेल तर ते फुकट करून मिळतं, पण करून घ्यायला हवं.

गाडीला सहातले सगळे हजार घालवू नका. हजारभर बाजूला ठेवा: हिवाळी टायर, नवीन बॅटरी, रबराचे खोल मॅट. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करतं, थांबवतात टायरच. ब्लॉक हीटर (थंडीत उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा) आधीपासून बसवलेला असेल तर विकणाऱ्याला दोन शब्द चांगले बोला.

हॅचबॅकचे दोन दुर्गुण कुणी सांगत नाही म्हणून सांगते. एक, मागचं दार वर धरून ठेवणारे गॅसचे दांडे थंडीत ढिले पडतात. उणे वीसला मी स्लेड ओढून काढत होते आणि दार सावकाश, अगदी प्रेमाने, डोक्यावर येऊन बसलं. आता गाडीत आईस हॉकीची एक तुटकी काठी कायम असते, टेकू द्यायला. दोन, डिकी आणि तुम्ही एकाच हवेत बसता. पेट्रोलवर चालणारा ऑगर आत ठेवलात तर शंभर मैल तोच वास. म्हणून ऑगर बॅटरीचा घ्या किंवा हाताने फिरवायचा. प्रोपेनच्या बाटल्या उभ्या, घट्ट बंद, आणि परतल्यावर लगेच बाहेर.

आमिषाच्या मिनोंची, म्हणजे गळाला लावायच्या चिमुकल्या जिवंत माशांची, बादली हा तर वेगळाच अध्याय आहे. नियमाप्रमाणे तळ्याचं पाणी तिथेच ओतून टाकावं लागतं. जिवंत मिनो घरी न्यायचे तर घरून नळाचं पाणी आणून त्यात ठेवायचे. मी ते इमानेइतबारे केलं आणि झाकण नीट लावायला विसरले. एका वळणावर बादली आडवी झाली. आठ मिनो सापडले. दुकानदाराने डझन दिले होते. उरलेले चार कुठे होते ते मार्चमध्ये पहिल्यांदा ऊन पडलं तेव्हा कळलं. सुकी मच्छी खाऊन वाढलेली मी, पण त्या आठवड्यात ऑफिसला काचा उघड्या ठेवून गेले.

तर माझा कौल मॅट्रिक्स किंवा व्हाइबला, कमी गंजलेली मिळाली तर दोन हजार मैल जास्त चाललेली असली तरी चालेल. ती नाहीच मिळाली तर फिट. तुमच्या स्लेडची आणि तंबूच्या पिशवीची लांबी-रुंदी खाली लिहा, शनिवारी माझ्या गाडीत टेप लावून बसते का ते सांगते.