बेअरिंगला ‘रोख’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: ‘कोल्ड वॉटर्स’सारख्या पाणबुडीच्या गेममध्ये सोनारवाला (म्हणजे यंत्राने पाण्यातले आवाज ऐकणारा) सांगतो, ‘सिएरा वन, बेअरिंग झीरो एट झीरो’. (सिएरा वन म्हणजे सोनारला सापडलेलं पहिलं जहाज.) या बेअरिंगला मराठीत ‘रोख’ म्हटलं तर?

मोह मलाही होतो, पण नको. बंदुकीचा रोख, बोलण्याचा रोख, घराचा रोख, म्हणजे ज्याचं त्याचं तोंड कुठे आहे ते. पाणबुडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जिकडे वळलेली, तो तिचा रोख. इंग्रजीत त्याला हेडिंग म्हणतात. बेअरिंग म्हणजे आवाज आपल्याला कुठल्या बाजूने येतोय ते. ‘सिएरा वन, रोख ०८०’ वाचून मराठी माणूस समजणार, ते जहाजच पूर्वेला निघालंय. आणि टॉर्पेडो भलतीकडे सोडणार.

ज्योतिर्विदांचा ‘दिगंश’ इथे चपखल बसतो: उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलेला कोन. नाळेपासून मोजलेल्या कोनाला सरळ ‘नाळेपासून’ म्हणावं. आपला रोख ३१०, आवाज नाळेपासून उजवीकडे ०८०. बेरीज ३९०, त्यातून ३६० वजा, दिगंश ०३०. (ही वजाबाकी विसरून मी रात्रभर रिकाम्या समुद्राचा पाठलाग केलेला आहे.)

‘ठिकाण’ तर अजिबात नको. नुसतं कान लावून बसलेल्या सोनारला अंतर कळत नाही. दिगंश म्हणजे नकाशावरची एक रेघ. जहाज तिच्यावर २ मैलांवर असेल नाहीतर २०. म्हणून दिगंश कसा ‘सरकतो’ ते बघत बसायचं आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधायचा. पाणबुडीमागे केबलने ओढलेल्या सोनारच्या शेपटीला तर डावं-उजवंही कळत नाही. रोख ००० असताना ती ०८० आणि २८० असे दोन दिगंश दाखवते. रोख ०४० करा: खरा ०८० वरच राहतो, खोटा टुणकन ००० वर जातो.

बाकी ‘बेअरिंग’ तसंच ठेवलं तरी माझी हरकत नाही. गॅरेजात ते फिरतं, नाटकात ते सुटतं, पाण्याखाली सरकेल. आकडा मात्र सुटा वाचा, शून्य-सात-नऊ. गडबडीत ‘एकोणऐंशी’चं ‘एकोणनव्वद’ ऐकू आलं, तर १० मैलांवर पावणेदोन मैलांचा फरक पडतो.