मधोमध सपाट झालेला टायर

प्रश्न : रोज मोटरसायकलने काँक्रीटच्या महामार्गावरून 60 किमी जातो. मागचा टायर मधोमध सपाट झालाय, कडा मात्र नव्यासारख्या. टायरच खराब निघाला का?

उत्तर : नाही. सरळ रस्त्यावर फक्त मधला पट्टा टेकतो, आणि इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकावर येतो. त्यात खरबरीत काँक्रीट रबर कानशीसारखं घासतं. झटक्यात पिळलेला थ्रॉटल आणि मागचा ब्रेक दाबून चाक घसटणं, यांनी झीज आणखी वाढते. हवा जास्त असली तरी मधलाच भाग झिजतो. म्हणून आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, चेन कव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे हवा तपासा. खाचेतल्या टीडब्ल्यूआयच्या, म्हणजे झीज दाखवणाऱ्या खुणेच्या, उंचवट्याशी रबर मधोमध समपातळीत आलं, की कडा कितीही चांगल्या दिसोत, टायर बदलाच. ओल्या रस्त्यावर तो घसरतो.